आरशांचा उतार

आमच्या वांढीत, म्हणजे रणाकाठच्या या वस्तीत, कुणालाही विचारा, सांगेल की वेजीला तिच्या भावाने फुलासारखं जपलं. जपलंच. मी नाही म्हणत नाही. मी त्याच माणसाची बायको, सगळं डोळ्यांनी बघत होते. पण फुलाला कुणी विचारतं का, की बाई गं, तुला कुठे जायचंय?

वेजी माझी धाकटी नणंद. तिला अंजारकडे दिली होती, दगडी दुमजली घरात. लग्नाच्या वेळी वांढीतल्या बायकांनी केवढा हेवा केला, पोरीने नशीब काढलं, पक्कं घर मिळालं म्हणून. भूकंपात त्या पक्क्या घराची भिंत तिच्या कमरेवर आली. आणि इथे आमचे मातीचे भुंगे, गोल भिंतींची नि गवताच्या टोपड्यांची घरं ती, अंग झाडल्यासारखी हलली आणि होती तशी उभी राहिली. कोठीतली थोडी बाजरी सांडली, एवढंच. बोला आता.

कमरेखाली तिचं सगळं गेलं. भुजच्या दवाखान्यातून सुटल्यावर सासरच्यांनी तिला हवापालटाला म्हणून माहेरी आणून सोडलं ते सोडलंच. वर्ष सरलं नाही तोवर नवऱ्याने दुसरी आणली. वेजी आली तेव्हा सोबत एक पत्र्याची पेटी होती आणि दवाखान्यातून मिळालेली चाकांची खुर्ची. बापांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पेटी वर घेतली. खुर्ची मात्र खालीच राहिली.

का, तर आमची घरं उंच ओट्यावर. पावसाळ्यात रणाचं पाणी चढतं, तेव्हा ओटा नसेल तर चुलीत मासे पोहतील. शिवाय ओटा जितका उंच तितकी घराची शान, ते वेगळंच. वर चढलं की दाराला वीतभर उंबरा. दार असं की आल्या-गेल्याने मान लववूनच आत यावं. दोन पायांच्या माणसाला यात काही खटकत नाही. मलाही वेजी येईपर्यंत कधी खटकलं नव्हतं. आता वेजी वर आणि खुर्ची खाली गोठ्यापाशी. त्या खुर्चीत आमचं करडू झोपायचं.

वेजीचा भाऊ तिला सकाळी उचलून बाभळीच्या आडोशाला न्यायचा, मी मागून तांब्या घेऊन. मग तो तिला ओट्यावरच्या खाटेवर आणून ठेवायचा आणि म्हशींमागे निघून जायचा, तो दिवस कलल्यावर परत. (नवऱ्याचं नाव आम्ही घेत नाही. वेजीचा भाऊ म्हटलं की समजून घ्या.) मी पाण्याला, लाकडाला, शेणाला. वेजी खाटेवर. ऊन सरकलं की तिच्या अंगावर यायचं, आणि तिला खाट सरकवता यायची नाही. आल्यावर बघावं तर अर्धं तोंड लाल झालेलं. हाक का नाही मारलीस म्हटलं की म्हणायची, कुणाला मारू, म्हशीला?

ती ताकाला हात लावत नाही, हे माझ्या ध्यानात यायला बरेच दिवस गेले. बाजरीचा रोटला, कांदा, कोरडं कोरडं चावत बसायची. मला वाटलं, जेवणावरून मन उडालंय. एकदा मी पेला तोंडाला लावला, तर तिने तोंड फिरवलं. मी चिडले. म्हटलं, माझ्या हातच्या ताकाला काय वास येतो काय?

ती म्हणाली, "भाभी, प्यायलं की जावं लागतं. आणि जायचं म्हटलं की कुणीतरी मोकळं असावं लागतं."

मी पेला खाली ठेवला. त्या दिवसापासून मला त्या उंच ओट्याचा राग यायला लागला, तो आजतागायत आहे.

वेजीच्या भावाला सांगून बघितलं. त्याचं ठरलेलं उत्तर, "मी आहे ना. तिला काय कमी आहे?" हे 'मी आहे ना' ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. अरे, तू आहेस, पण तू म्हशींमागे आहेस!

हात मात्र वेजीचे शाबूत होते, आणि कसले हात! लग्नाआधी आमच्या वांढीत लिंपणाला तिच्या तोडीची बाई नव्हती. माती-शेणाची बारीक वळी भिंतीवर ठेवून बोटांनी दाबत जायची, की मोर उठायचा, झाड उठायचं, मध्ये मध्ये आरशाचे तुकडे लखलखायचे. आता भिंतीपर्यंत पोचता येत नव्हतं. मग तिने परात मागितली, माती मागितली, आणि परातीत घरं करायला लागली. पोरांच्या खेळण्यातली असतात तेवढीच. आधी मला वाटलं, बिचारी जीव रमवतेय. मग नीट बघितलं तर त्या घरांना उंबराच नव्हता. दार रुंद. चूल जमिनीवर नाही, तर मांडीच्या उंचीच्या कट्ट्यावर, आणि कट्टा खालून पोकळ, गुडघे आत जातील असा. माठ कमरेशी. गोधड्यांची उतरंड बुटकी. छपराच्या वाशाला दोर बांधलेला, धरून खाटेवरून खुर्चीत सरकायला.

मी म्हटलं, हे कुठून सुचलं गं? तर म्हणाली, दिवसभर दुसरं काय बघते मी? हात कुठवर पोचतो आणि कुठे पोचत नाही, हेच तर बघते.

आणि एक दिवस मलाच खुर्चीत बसवलं. करडाला हाकलायला लावलं आणि म्हणाली, बस आणि कर रोटला. आमच्या अंगणातल्या चुलीपाशी मी खुर्ची नेली. हात पोचेना. वाकले तर पुढे झुकून पडायची वेळ आली. मी पाय टेकायला गेले तर ती वरून ओरडली, पाय नाहीत तुला! रोटला करपला, माझा हात भाजला, आणि ती खाटेवर पोट धरून हसत होती. भूकंपानंतर तिला इतकं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. हात भाजल्याचं मला काही वाटलं नाही.

त्या हिवाळ्यात घरात नवा भुंगो बांधायचा होता. जुन्याची भिंत पावसाने खाल्ली होती. वेजीने परात बापांपुढे ठेवली आणि सांगितलं, बांधायचाच आहे तर असा बांधा. माती तीच, शेण तेच, गवत तेच, बाहेरून काही आणायला नको. आणि गोल घराइतकं खुर्चीला सोयीचं घर नाही, कारण त्याला कोपराच नाही, खुर्ची अडायची कुठे? बापा परात फिरवून फिरवून बघत राहिले. चूल पटली, माठ पटला, दोर तर फारच पटला. पण उंबरा नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. उंबऱ्याशिवाय घरात लक्ष्मी कशी यायची? आणि परातीतल्या घराला ओट्यावरून खाली जाणारी लांब उतरण होती, तिला तर त्यांनी बोटच लावलं नाही. त्याने ओटा फोडावा लागेल, म्हणाले. आजोबांनी रचलेला ओटा. लोक म्हणतील, यांच्या घराला जीभ लोंबतेय.

वेजी म्हणाली, लक्ष्मी पायांनी येते, बापा. मी चाकांनी येणार. बापांनी परात खाली ठेवली.

सासऱ्यांसमोर मी ओढणी हनुवटीपर्यंत ओढून बसलेली, आणि सुनेने सासऱ्याशी तोंड उघडून बोलायचं नाही ही आमची रीत. पण आमच्याकडे त्यावरही तोड आहे. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसं मी बकरीला बोलले. म्हटलं, ए बकरे, तुला देवाने चार पाय दिले, उड्या मारत चढतेस म्हणून बरं आहे. तुझी तंगडी मोडली असती तर तुझ्यासाठी मात्र कधीच ओटा फोडला असता हो, तू दूध देतेस ना! बापांनी ऐकलं. विडी विझवली आणि उठून गेले. नवऱ्याने नंतर मला चांगलंच सुनावलं.

पण अंगात आलेला देवसुद्धा पाठीपुढे नमतो. बांधकाम रखडलं, आणि पुढचा पाऊस संपता संपता वेजीला खाली उतरवताना तिच्या भावाच्या कमरेत अशी उसण भरली की तो तिला घेऊन पायरीवरच बसला. उठताच येईना त्याला. वैद्याने उचलायची सक्त मनाई केली. आता दोघं आडवे. तो बाहेरच्या खाटेवर, ती आतल्या. मी आणि शेजारची केसर तिला खाटेसकट खाली-वर करायचो, तेही दिवसातून एकदा. बाकी दिवस आत. अंधारात. वेजी बोलायचीच बंद झाली. भिंतीकडे तोंड करून पडायची आणि नखाने भिंतीची माती कोरत राहायची. एवढा खड्डा केला तिने तिथे. तो खड्डा मी नंतरही बुजवू दिला नाही.

तो खड्डा बापांनी बघितला. बाहेर येऊन कुदळ मागितली आणि आजोबांच्या ओट्यावर स्वतः पहिला घाव घातला.

नवं घर झालं, अगदी परातीतलं. उतार कसा असावा हे वेजीने खाटेवरून सांगितलं, हातभर उंची तर बारा हात लांबी, त्याहून कमी नको. एवढी लांब उतरण अंगणात मावेना, म्हणून तिने ती घराच्या गोल भिंतीला लपेटून खाली आणली, घागऱ्याला किनार असावी तशी. कडेला दगड, मध्ये चिकणमाती ठोकून ठोकून घट्ट केलेली. पहिल्या दिवशी ती खुर्चीत बसून दाराबाहेर आली, उतरणीच्या माथ्यापर्यंत. तिथे थांबली. माती ओली होती. वाळू दे म्हणाली, इतकी वर्षं थांबले, अजून थोडं. दिवाळी तोंडावर होती. मला माहेरी भावाच्या साखरपुड्याला जायचं होतं. मी गेले.

मी इथे असते तर ते झालं नसतं, हे मी केसरच्या तोंडावर सांगितलंय.

झालं काय, दिवाळीच्या आधी आमच्याकडे सगळ्या बायका मिळून घरं लिंपतात. केसर सगळ्यांत मोठी, तिच्या शब्दाबाहेर कुणी नाही. तिने ठरवलं, लेकीचा रस्ता आहे, असा सजवू की खावड्यापर्यंत नाव होईल. वेजीला सांगितलं, तू आत बस, बाहेर यायचं नाही. गाणी म्हणत म्हणत त्या बायकांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत त्या उतरणीवर लिंपण केलं. नुसतं सारवण नाही. उठावाचं. मोर, वेली, डेरेदार झाडं, बोटभर उंच वळ्या, आणि त्यात आरसे. आपापल्या पेट्यांतले, लग्नातले राखून ठेवलेले आरसे. केसरने तर तिच्या मेलेल्या लेकीच्या पेटीतले दिले.

मी माहेराहून परतले तेव्हा उन्हात ती उतरण अशी झळकत होती की डोळ्यांवर हात धरावा लागला. आणि वेजी माथ्यावर खुर्चीत बसून होती. चाक पहिल्या वळीला टेकलेलं.

माझ्या लक्षात आलं आणि मी कपाळावर हात मारला. त्या वळ्यांवरून चाक जाणार कसं? आणि गेलं तर त्या राहतील कशा? आणि आमच्यात फुटका आरसा म्हणजे घरावर अरिष्ट. उतरणीवर आता कुणी पायसुद्धा ठेवत नव्हतं, सगळे जुन्या पायऱ्यांनी जात होते. पाहुणे यायचे, वाहवा करायचे, वेजीला म्हणायचे, भाग्याची गं तू. ती हात जोडायची. आणि खाली जायचं म्हटलं की तिचा भाऊ कमरेला फडकं आवळून तिला पुन्हा उचलायला लागला होता, दात आवळून. आगीतून निघून फुफाट्यात.

मी म्हटलं, मी सांगते केसरला, आजच्या आज खरवडून टाकते. वेजीने माझा हात धरला. "नको भाभी. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट बोलले असते. यांनी माया केली. आता मी काय करू?"

ओटा फुटल्यापासून ती थोडं थोडं ताक घ्यायला लागली होती, ते तिने पुन्हा बंद केलं. पेला तसाच राहायचा, आणि मी तो उचलायचे. दिवाळी गेली, थंडी गेली. नवं घर, हातापाशी चूल, हातापाशी पाणी, सगळं तिच्या मापाचं, आणि त्यात ती जुन्या घरातल्यासारखीच बसून. उलट जास्तच, कारण आता कुरकुर करायलाही तोंड नव्हतं. भरल्या ताटावर बसून उपाशी म्हणायचं कसं?

दवाखान्यात तिच्या शेजारच्या खाटेवर लाछू नावाची एक बाई होती, पलीकडच्या डुंगराजवळच्या गावची. तिचीही कंबर गेलेली. तिचा फोन आला. भावांनी तिच्यासाठी भुंगो बांधायला काढलाय, उद्या पायाची रेघ मारणार. दार कुठे, चूल कुठे, उतार कुठून, ते वेजीने येऊन दाखवावं, नाहीतर तिचे भाऊ जुन्याच पद्धतीने उंबऱ्याचं घर बांधतील आणि ती जन्मभर त्यात बसेल. मी फटफटीला जोडलेला छकडा पाठवते, म्हणाली. वेजीने विचार न करता हो म्हटलं. फोन ठेवल्यावर तिचा चेहरा उतरला, कारण तिचा भाऊ त्या दिवशी खावड्याच्या गुरांच्या बाजाराला जाणार होता.

सकाळी छकडा आला. उतरणीच्या पायथ्यापासून थोडा दूर, बाभळीखाली उभा राहिला. छकडावाला परका गडी, तो बाईमाणसाला हात लावणार नाही. बापांचे हात थरथरतात. मी म्हटलं, वेजी, मी नि केसर तुला खाटेवरून उतरवतो, नेहमीसारखं. केसर खाट आणायला वळली.

"खाट नको," वेजी म्हणाली.

तिने ओढणी कमरेला खोचली. केसरकडे बघितलं. सगळ्या बायका अंगणात आल्या होत्या, कुणाच्या डोक्यावर पाणी, कुणाचे हात पिठाचे.

"केसरकाकी, तुझ्या लेकीचे आरसे आहेत. मला माहीत आहे. मी जातेय."

आणि तिने चाकं ढकलली.

पहिली वळी फुटली तेव्हा आवाज फार झाला नाही, वाळक्या भाकरीचा तुकडा मोडावा तेवढाच. मग आरसे. ते मात्र कडकड वाजले. खुर्ची हिंदकळत होती, एकदा तर कडेच्या दगडावर आपटली. वेजीने दोन्ही हातांनी चाकं धरली, थांबली, दम घेतला, पुन्हा सोडली. मोराच्या मानेवरून गेली. घराला वळसा घालताना आमच्या नजरेआड झाली तेव्हा नुसते आरसे फुटल्याचे आवाज येत होते. मग ती दुसऱ्या बाजूने दिसली. तोंड घामाने भिजलेलं, ओढणी खांद्यावर, आणि तळहात मातीने लाल.

मी केसरकडे बघायला घाबरत होते. तिने तोंडावर ओढणी धरली होती. मग ती माथ्यावर गेली, उकिडवी बसली आणि शिल्लक राहिलेल्या वळ्या अंगठ्याने दाबून सपाट करायला लागली. आरशाचे तुकडे वेचून पदरात घेत होती. रडत होती आणि सपाट करत होती.

वेजी पायथ्याला पोचली. उतरण संपली आणि आमच्या अंगणाची भुसभुशीत वाळू सुरू झाली. चाकं तिच्यात अशी रुतली की अर्धी दिसेनात. छकडा समोर, हाकेच्या अंतरावर. तिने ढकललं, हललं नाही. पुन्हा ढकललं, अजून रुतलं. तिने परातीत सगळं केलं होतं, पण परातीत वाळू नव्हती. उतरणीच्या पुढे काय, हे आमच्यातल्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, कारण तिथवर ती कधी पोचलीच नव्हती.

तेवढ्यात तिचा भाऊ धावत आला. बाजाराला निघालेला तो फार लांब गेला नव्हता, वाटेवर कुणीतरी त्याला सांगितलं असावं की वेजी उतरणीवरून पडली. चप्पल कुठेतरी टाकून आला होता. तिला वाळूत बघितलं आणि सरळ वाकला, दोन्ही हात तिच्या खाली घालायला.

"हात लावू नकोस, भाई."

"अगं, अडकलीयस तू."

"हो. पण आज माझी मी येऊन अडकलेय. थोडा वेळ अडकू दे मला."

तो तसाच वाकलेला राहिला, हात पुढे केलेले, आणि त्या रिकाम्या हातांचं काय करावं हे त्याला कळेना. मी त्याला दंडाला धरून बाजूला केलं. चारचौघांत नवऱ्याला हात लावायची ही माझी पहिलीच वेळ.

मग बापा आले. काठी टेकत टेकत, उतरणीवरूनच आले, फुटक्या मोरांवरून. तिच्या शेजारी वाळूत बसले आणि विडी पेटवली. छकडावाल्याने यंत्र बंद केलं. वेजीने माझ्याकडे बघितलं.

"भाभी," ती म्हणाली, "ताक आहे का गं?"

मी मोठा पेला भरून आणला. तिने तो सगळा संपवला.